मुलुंडचा मामा

वाकोला, १७ मे १९५९

सगळ्यांत आधी टपकली पद्मजा. हातात रिकामी वाटी, म्हणे आजी साखर आहे का. सकाळीच तिच्या घरात साखरेचा डबा गच्च भरलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. तिला बघायचं होतं कोण येतंय ते. मी म्हटलं बस, चार माणसं असली की घर भरलेलं दिसतं. तिच्यामागनं तिचा नवरा श्यामसुंदर, बगलेत पेपर. शाळेला मे महिन्याची सुट्टी, मास्तर दिवसभर मोकळाच. आणि मग आले रे मुलुंडचे भाऊ विचारे, बायकोसकट. टोपी, चष्मा, छत्री, सगळं जागच्या जागी. फोर्टात कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क आहेत. तुझा बाबा नवा सदरा घालून उभा तो उभाच. साकीनाक्याला कारखान्यात दिवसभर लेथसमोर उभा राहतो ना, तसाच पाव्हण्यांसमोर. मी म्हटलं, "धोंडू, बस रे, ती मशीन नाय."

तू विचारशील कोण हे भाऊ विचारे. अरे, त्यांना मुलगी आहे. सुलक्षणा. मॅट्रिक झालीय, उंच आहे, हसते तेव्हा तोंडावर हात धरत नाही, मला ते आवडलं. तुला न विचारता मी हे काढलं म्हणून रागावशील. राग. पुढच्या पत्रात लिहून टाक, मी वाचीन. तुझी आई असती तर तिनं बघितली असती, ती नाही म्हणून मी बघते. तू सीमेवर बसून मुली बघणार आहेस काय?

भाऊंना तुझा फोटो आवडला. तो रे, जबलपूरचा, बिनतारीचं शिक्षण संपलं तेव्हा काढलेला, टोपी तिरकी घातलेली. पोह्यांची दुसरी बशीही घेतली त्यांनी. मग विचारलं, सध्या चिरंजीव कुठे असतात. तुझा बाबा म्हणाला, "नेफात." भाऊंचा चमचा थांबला.

"म्हणजे चीनच्या बाजूला."

श्यामसुंदर लगेच सरसावला. त्याला असा विषय म्हणजे मांजराला दूध. "चीनशी आपला करार आहे भाऊ. पंचशील. काळजीचं कारण नाही."

"मास्तर, पंचशील म्हणजे काय? तुम्ही माझ्या घरात घुसायचं नाही, मी तुमच्या घरात घुसायचं नाही. शेजाऱ्याकडनं हे लिहून घ्यायची वेळ आली की समजावं, कुणाच्या तरी मनात घुसायचं आहे."

"आणि पाकिस्ताननं काय केलं?" श्यामसुंदर म्हणाला. "अमेरिकेचा हात धरला, रणगाडे घेतले. आता म्हणतं, आपण दोघं मिळून राखण करू. दिल्लीनं विचारलं, कुणापासून? काय झकास उत्तर दिलं बघा."

"उत्तर झकास आहे," भाऊ म्हणाले. "पण प्रश्न तसाच राहिला ना. कुणापासून?"

श्यामसुंदरनं बगलेतला पेपर उघडला. उत्तर पेपरात शोधताना मी त्याला कधी बघितला नव्हता, पद्मजानं पण नसेल. मग भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी, स्पष्ट बोलतो. मुलाबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्या देशाला जगात एक सोयरा नाही, त्या देशाच्या शिपायाला मी मुलगी कशी देऊ? उद्या चार बाजूंनी वेढला तर धावून कोण येणार आहे?"

आता मला पेपरातलं काय कळतं. लालबागच्या चाळीत साक्षरतेच्या वर्गात कंदिलापुढे अक्षरं गिरवली, जोडाक्षराला अजून घाबरते. पण सोयरीक मला कळते. मी म्हटलं, भाऊ, आमच्या माहेरात माझी थोरली बहीण खोताच्या घरात दिली. मोठं घर, गाव म्हणायचा, आता तुमच्याकडे वाकडा डोळा करून कोण बघतो. बघितलं नाहीच कुणी. पण खोताचं भावकीशी बांधावरून वाजलं, सोयरे म्हणून माझ्या भावाला जावं लागलं, आणि कोयता त्याच्या खांद्यात बसला. भांडण त्यांचं, खांदा आमचा. मरेपर्यंत तो हात वर गेला नाही.

भाऊ हसले. त्यांची बायको पण हसली. पण हो म्हणाले नाहीत. "वर्षभर थांबू. दिल्ली काय धोरण घेते, बघू." मी म्हटलं, दिल्लीचं ठरेपर्यंत तुमच्या मुलीचे केस पांढरे होतील. जाताना मुलीची आई माझा हात दाबून गेली. म्हणजे घरात दोन मतं आहेत. एक आपलं.

पाकिटावरचं इंग्रजी पद्मजानं लिहिलंय. साखर मी तिला दिलीच नाही.


वाकोला, १२ जुलै १९५९

तुझं पत्र मिळालं. मधल्या दोन ओळींवर कुणीतरी काळी शाई ओढलीय. मला वाटलं तुझंच काही चुकलं, पण श्यामसुंदर म्हणतो फौजेत पत्रं वाचायला माणूस बसवलेला असतो, शत्रूला कळू नये ते तो खोडतो. मी म्हटलं, मला शत्रूत कधीपासून धरलं? दाराशी उजेडात नेऊन बघितलं. एकच शब्द लागला, बूट. आणि त्या माणसाची गंमत बघ, वरच्या ओळी खोडल्या आणि अगदी खाली तू लिहिलंयस की कापडी बूट चिखलात फाटले, ते त्याच्या नजरेतनं निसटलं. झोप लागली असेल बिचाऱ्याला.

मग मी तुझ्या बाबाला विचारलं, एवढी मोठी पलटण आणि पायात कापड? तो म्हणाला, विमानातनं पोती टाकतात, अर्धी दरीत जातात. रस्ताच नाही म्हणे. शेवटच्या मोटारीपासून किती दिवस चालावं लागतं हे तू लिहिलंस का? लिहिलं असशील तर ते त्या काळ्या शाईखाली आहे.

आपल्या गावच्या वेतोबाला तू लहानपणी घाबरायचास, आठवतं? वेशीवरचा. तो रात्री गावाभोवती फिरतो म्हणून गाव त्याला चामड्याच्या वहाणा वाहतं, माणसाच्या पायात मावणार नाहीत एवढ्या मोठ्या. पुढल्या वर्षी बघावं तर टाचा झिजलेल्या. मग नव्या. कुणाच्या घरात खायला असो नसो, राखणदाराच्या वहाणा चुकत नाहीत. माझे सासरे म्हणायचे, राखणदाराकडे नंतर मागा, आधी त्याच्या पायात काय आहे ते बघा. हे मी श्यामसुंदरला सांगितलं तर म्हणतो, "आजी, तुम्हाला संरक्षण खात्यात घ्यायला हवं." घ्या म्हणावं. येईन. जेवण मात्र घरचं लागेल.

तो मग बराच वेळ बोलत बसला. त्याचं म्हणणं, आपल्या देशानं कुणाच्या गोटात जायचं नाही हेच बरोबर. आज अमेरिकेची तोफ घेतली की उद्या ती कुणावर रोखायची ते अमेरिका सांगणार. पैसा धरणांना लागतो, शाळांना लागतो, तोफेत घातला की तो परत येत नाही. सगळं पटतं बघ. बोलतो पण किती गोड. तो उठून गेल्यावर तुझा बाबा एवढंच म्हणाला, "धरणाचा पैसा कळला. बुटाचा कुठे गेला?" तुझा बाबा महिन्यातनं एक वाक्य बोलतो, ते असं.

त्या दुसऱ्या सहदेव तावड्याची हकिकत वाचून पद्मजा आणि मी पोट धरून हसलो. एका पलटणीत एका नावाचे दोघं, आणि तो देवगडचा. त्याच्या बायकोचं पत्र तुला आलं आणि तू पहिल्या ओळीलाच लाजून घडी घातलीस म्हणे. घडी घातलीस की पुढे वाचलंस, खरं सांग. बायकोवाला सहदेव आणि बिनबायकोचा सहदेव अशी तुम्हाला नावं पडलीत हे वाचून मला वाईट वाटलं. एवढं वर्ष जाऊ दे, नावातला फरक मी मिटवते.

रविवारी मी सुलक्षणेला भेटले. ठरवून नाही, पद्मजाच्या मावशीकडे हळदीकुंकवाला. मला बाजूला घेऊन विचारते, "आजी, तिकडे थंडी किती असते?" मी म्हटलं, तूच पत्र लिहून विचार की. तर म्हणे, "बाबा म्हणतात अजून काही ठरलं नाही." नाही ठरलं तर थंडीची चौकशी कशाला गं बाई? मी बोलले नाही, नुसती तिच्याकडे बघत राहिले, आणि ती कुंकवाची वाटी घेऊन उगाच दुसरीकडे गेली, जिथे सगळ्यांना लावून झालं होतं.


वाकोला, १६ सप्टेंबर १९५९

घाबरले होते रे. आता सांगते, तुझं कार्ड आलं म्हणून. ऑगस्टाच्या शेवटी कुठल्या ठाण्यावर चिन्यांनी गोळ्या झाडल्या, आपली माणसं मागे आली, असं पेपरात आलं. नाव मला उच्चारता येत नाही. गणपतीत घरात पंधरा माणसं जेवली आणि मी भाजीत दोनदा मीठ घातलं. तुझं ठाणं वेगळं, डोंगराच्या पलीकडे, हे वाचलं आणि मी तुझ्या बाबाला खडसावलं, उगाच चार दिवस तोंड पाडून बसला होता. मी कुठे घाबरले होते?

पण मुलुंडहून निरोप नाही म्हटल्यावर मीच गेले. पद्मजाला घेतलं, श्यामसुंदर आपणहून आला. भाऊ दारात होते. टोपी नव्हती डोक्यावर. पाणी दिलं आणि श्यामसुंदरला म्हणाले, "काय मास्तर, भाई भाई कसे आहेत?"

श्यामसुंदरनं मान खाली घातली. म्हणाला, "चूक झाली असेल त्यांची. सीमा आखलेली नाही तिथे. वाटाघाटी होतील."

"पाच वर्षांनी काय होईल सांगा. दहा वर्षांनी? पाकिस्तान दोन-दोन गोटांत जाऊन बसलंय. त्याला बंदूक मिळते, विमान मिळतं. आपल्याला टाळ्या मिळतात. मी म्हणत नाही अमेरिकेच्या मांडीवर बसा. पण संकटात कुणाच्या दारावर थाप मारायची, ते दार आज ठरवायला नको? घर जळायला लागलं की मग शेजाऱ्याशी ओळख काढणार?"

"दार ठरवलं की दारवाला घरात येतो, भाऊ. दीडशे वर्षं एक येऊन बसला होता."

"मग निदान स्वतःच्या घराला कडी तरी लावा. ती पण नाही. आजी, रागावू नका, पण रस्ता नाही, तोफ नाही, आणि डोंगरावर पाच-पाच पोरं नेऊन ठेवलीत. शेतात बुजगावणं उभं करतात तशी. पाखरं येईपर्यंत ठीक आहे. रानडुक्कर आलं तर ते बुजगावण्याला विचारतं काय?"

मला लागलं. तुला बुजगावणं म्हणाले. तोंडाशी उत्तर आलं होतं, खोताचं, कोयत्याचं, पण ते मी आधीच वापरलेलं. मी पदर सावरून उठायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं सुलक्षणा म्हणाली, "बाबा, बुजगावण्याला घरून कुणी पत्र लिहीत नाही."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले, ती पण हलली नाही. तिची आई चुलीकडे बघत होती आणि मला शपथ सांगते, ती हसत होती.

मग भाऊंनी चष्मा पुसला. म्हणाले, माझं मन तयार होत नाही आजी, पण मी एकटा शहाणा असंही नाही. मुलीचा मामा आहे, फौजेतला. सुभेदार होऊन निवृत्त झाला, ब्रह्मदेशात लढलाय. तो सगळं जाणतो. पितृपंधरवडा संपला की तो तुमच्याकडे येईल, घर बघेल, मुलाची माहिती घेईल. तो हो म्हणाला तर मी दिल्लीकडे बघणार नाही.

म्हणजे कळलं ना? आता सगळं मामावर. मामाला मी बघितलेला नाही, पण फौजेतला माणूस फौजेतल्या माणसाला नाही म्हणेल काय? बसमध्ये श्यामसुंदर खिडकीशी बसला होता. मी म्हटलं, बाजी मारली की रे मास्तर, हस. तो म्हणाला, "आजी, भाऊ जे बोलले त्यातलं बुजगावणं खोडता येत नाही मला." मास्तर लोकांचं हे असं असतं. वर्गात जिंकतात आणि बसमध्ये हरतात.


वाकोला, ८ ऑक्टोबर १९५९

आले. मामा आले. कुणाआधी म्हणशील तर घट बसलेत आणि आज सगळ्यांत आधी या घराचा उंबरा त्यांनीच ओलांडला, पद्मजा पण नंतर आली. मी दिव्यात तेल घालत होते, दारात दोन माणसं. एक साठीचा, पांढऱ्या मिशा, काळी टोपी. दुसरा तरणा, काखेत कातडी पिशवी. म्हाताऱ्यानं जोडे काढले आणि भिंतीशी दोन्ही अगदी एका रेषेत लावून ठेवले. तिथेच मी ओळखलं. फौजेतला माणूस लपत नाही.

"सहदेव धोंडू तावडे यांचं घर हेच का?"

मी म्हटलं, "हेच. येवा, बसा. तुमचीच वाट बघतेय."

त्यांनी त्या तरण्याकडे बघितलं. "आमची वाट? तुम्हाला कुणी कळवलं?"

"कळवायला कशाला हवं? पितृपंधरवडा संपला. आज ना उद्या तुम्ही येणारच होतात."

ते बसले, पण खुर्चीच्या काठावर. घरात पुरुष माणूस कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं माझा मुलगा कारखान्यात आहे, साडेसहाला येतो, पण विचारा काय विचारायचं ते मला, ह्या पोराला मी वाढवलाय. तर म्हणतात, "त्यांनाच भेटलो असतो, आई." किती अदबीचं बोलणं रे. माझ्यापेक्षा पाचदहा वर्षांनीच लहान असतील, तरी आई.

मग चौकशी. अशी बारीक चौकशी भाऊंनी पण केली नव्हती. गाव कुठलं, जन्म कधीचा, आई आहे का, भावंडं किती. तरणा पेन्सिलीनं टिपून घेत होता. मग म्हातारबाबा म्हणाले, "तुमच्या नातवाच्या नावाचा आणखी एक त्याच तुकडीत आहे. ठाऊक आहे तुम्हाला?"

मी म्हटलं, "ठाऊक आहे तर. तो देवगडचा. पण घाबरू नका, तो लग्नाचा आहे, आमचा कोरा आहे. त्या दोघांत घोटाळा होऊ द्यायचा नाही म्हणून तर तुम्ही आलात ना?"

"हो," ते म्हणाले. "त्याचसाठी आलो."

बघ, किती काळजी घेणारी माणसं. बायकोवाल्या सहदेवाला मुलगी जायला नको म्हणून खात्री करतात. मला हसू आलं. मग त्यांनी विचारलं, अंगावर काही जन्मखूण, जखमेची खूण आहे का. मी म्हटलं खोड शोधताय होय, शोधा, एकच आहे. हनुवटीवर डाव्या बाजूला. चार वर्षांचा असताना मी नारळ खवत होते, हा पाठीमागनं गळ्यात पडायला आला आणि विळीवर पडला. भाताच्या लोंबीसारखी आडवी खूण राहिली. मिशी ठेवली तर उठून दिसते, म्हणून मिशी ठेवत नाही. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. तरण्याची पेन्सिल थांबलेली. त्यानं टिपलंच नाही, मी म्हटलं लिहा हो, डावी बाजू. तेव्हा लिहिलं.

फोटो मागितला. मी भिंतीवरचा उतरवून दिला. म्हातारबाबा तो घेऊन उठले, दाराच्या उजेडात गेले, आणि उभेच राहिले. मी म्हटलं, "बघा नीट. तोच ना तुमच्या मनातला?"

"हो आई," ते म्हणाले. "हाच."

माझा जीव भांड्यात पडला रे. एवढ्या वर्षांत कुणाचं हाच ऐकून मला इतका आनंद झाला नव्हता. मी त्यांना म्हटलं, आता भाऊंची भीती तुम्हीच घालवा. ते म्हणतात देशाला सोयरा नाही, सीमेवर काय होईल सांगता येत नाही. तुम्ही ब्रह्मदेशात लढलात, तुम्हीच सांगा, सोयरे करावेत की एकटं राहावं? त्यांनी विचारलं, मी ब्रह्मदेशात होतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, सगळं कळतं आम्हाला. मग ते फोटोकडे बघतच बोलले. "आई, मी दुसऱ्याच्या लढाईत लढलो. सोयरे केले की त्यांच्या लढाया येतात. नाही केले तर आपली आपल्यालाच लढावी लागते. यातलं काय बरं, ते मोठ्यांनी ठरवावं. पण एकटंच राहायचं ठरवलं होतं, तर माणूस पाठवण्याआधी वाट पाठवायला हवी होती. औषध पोचेल एवढी तरी."

मी म्हटलं, "हवी होती काय म्हणता, हवी आहे म्हणा. ती पोरं अजून तिथेच आहेत."

"हवी आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांसाठी हवीच आहे."

पद्मजा कधी आली कुणास ठाऊक, मागच्या दारात उभी होती. मी तिला म्हटलं, नारळाच्या वड्या काढ, चहा टाक. तर ती तोंडाला पदर लावून आत गेली आणि बाहेरच आली नाही. हल्ली फार हळवी झालीय, सुखाच्या गोष्टीला पण रडते. शेवटी मीच बशी भरून आणली. म्हटलं, "घेवा थोडां." त्यांनी हात जोडले. "आज नको, आई. आज या घरात आम्ही काही घेऊ नये." तरण्याचा हात पुढे होत होता, त्याच्याकडे नुसतं बघितलं तर त्यानं पण मागे घेतला. पाणी सुद्धा नाही.

कळलं ना तुला काय झालं ते? अरे मेल्या, आपली रीत. लेक ज्या घरी दिली त्या घरचं अन्नपाणी बापमामानं घ्यायचं नाही, नातवंड होईपर्यंत. भाऊ मे महिन्यात दोन बश्या पोहे खाऊन गेले, कारण तेव्हा काही ठरलं नव्हतं. मामानं पाण्याला हात लावला नाही म्हणजे त्यांच्या मनानं मुलगी इथे देऊन झाली. तोंडानं हो म्हणायला आता भाऊ लागत नाहीत. जुनी माणसं बोलत नाहीत, अशी वागून दाखवतात. मी बशी तशीच झाकून ठेवलीय, आता आम्ही पण ती कशी खायची, पद्मजाच्या घरी पाठवीन.

फोटो त्यांनी मागून नेला. परत आणून देतो म्हणाले. सुलक्षणेला दाखवायला असणार. जाताना वाकले माझ्या पायाशी. मी म्हटलं, अहो हे काय, पण मुलीकडचे ना, वाकतातच. उठायला वेळ लागला त्यांना, गुडघे दुखत असतील, मी हात दिला.

बाहेर चौकात श्यामसुंदर शाळेतनं येत होता. ते त्याच्याशी जरा बोलले, मग त्याला घेऊन नाक्यापर्यंत गेले. तो एकटा परत आला तो आमच्याकडे न येता आपल्या दारात उभा राहिला. आज पेपर पण वाचून दाखवला नाही. विचारलं तर म्हणतो आलाच नाही. समोरच्यांकडे आलाय, मी बघितला. मी म्हटलं, काय रे, सोयरा मिळाला की आपल्याला, आणि तू असा काय? तो म्हणाला, "आजी, मी जरा साकीनाक्याला जातो. धोंडूकाकांना घेऊन येतो." मी म्हटलं, साडेसहाला येईलच तो, एवढी काय घाई? तर म्हणे, नको, आत्ताच जातो. आनंदाची बातमी आपण सांगायची होती त्याला, बघ. मास्तर झाला तरी पोरच. पद्मजा आता माझ्याजवळ येऊन बसलीय. सारखा माझा हात धरते, लिहायला देत नाही. मघाशी म्हणाली, "आजी, आजचा दिवस पत्र राहू द्या." आजचा दिवस राहू देऊ? आजच्यासाठी तर एवढी अक्षरं शिकले.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. बर्फ पडून वाट बंद झाली असेल, नाहीतर विमानवाल्यानं टपालाचं पोतं दरीत टाकलं असेल. मिळेल तेव्हा लिही. रजेचा अर्ज मात्र आत्ताच टाक, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतात.

रविवारी धोंडूला कारखान्याला सुट्टी असते, म्हणून मी त्यांना तोच दिवस सांगितला. सोबत कुणी मोठे साहेब पण येणार आहेत म्हणाले, भाऊंचेच कुणी असतील. मी म्हटलं, नक्की ना, मला सगळं घर सारवून ठेवायचं आहे. म्हातारबाबांनी दारात टोपी हातात घेतली. म्हणाले, रविवारी सकाळी येतो, आई, नक्की येतो.